फोटो पाठवतो

फुईला माझं काम नेमकं काय ते माहीत नाही. मी पुण्यात असतो, कॉम्प्युटरवर बसतो आणि रात्री अमेरिकेशी बोलतो, एवढं तिला पुरतं. (आमच्या धुळ्याकडे आत्याला फुई म्हणतात. तिला आत्या म्हटलं तर ती ओ देत नाही.) दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात तिच्याकडे जळगावला गेलो होतो. दुपारची वेळ, बाहेर ४४ डिग्री, कूलरमध्ये पाणी टाकून झालेलं, शेवभाजीने डोक्याला घाम आलेला. जेवण झाल्यावर फुईने कपाटातून मिठाईचा एक जुना डबा काढला. त्यात प्लास्टिकच्या पिशवीत दोन वस्तू होत्या. एक शाळेचा ग्रुप फोटो आणि एक मनीऑर्डरचं कुपन.

"तुले फोटो मोठा करता येस ना?" तिने विचारलं. "मन्हा भाऊले मोठा करी दे."

भाऊ म्हणजे जिभाऊ. पप्पांचे सगळ्यात मोठे भाऊ. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही, माझ्या जन्माच्या वीस-बावीस वर्षं आधीच ते आमच्या घरातून संपले होते. मेले असं कोणी म्हणत नाही. "मुंबईला गेला" एवढंच म्हणतात. आमच्या घरात तेवढ्या एका माणसाच्या बाबतीत मुंबईला जाणं या क्रियापदाचा अर्थ वेगळा आहे.

१९७२ साली, दुष्काळाच्या वर्षी, जिभाऊ एकोणीस वर्षांचे होते. आजोबा रेल्वेत गँगमन. घरात पहिला मॅट्रिक झालेला मुलगा, म्हणून तो रेल्वेतच क्लार्क होईल असं आजोबांनी गृहीत धरलेलं. तो धुळ्याहून पॅसेंजरने चाळीसगावला गेला आणि तिथून मुंबईच्या गाडीत बसला. पुढच्या तीन वर्षांत पाच-सहा पत्रं आली. काहींवर पत्ता होता सिद्धार्थ विहार, वडाळा. हे वसतिगृह म्हणजे त्या काळी दलित पँथरच्या पोरांचा अड्डा. राजा ढाले, ज. वि. पवार, अरुण कांबळे, रामदास आठवले ही सगळी नावं त्या इमारतीशी जोडलेली आहेत. जिभाऊ तिथे कोणाच्या तरी खोलीवर पाहुणे म्हणून राहत असावेत. पत्रांमध्ये कविता असायच्या म्हणे. आजोबांना वाचता येत नव्हतं, तेरा वर्षांची फुई वाचून दाखवायची आणि मधलं जे कळायचं नाही ते गाळायची.

ती पत्रं आता नाहीत. आणीबाणी लागल्यावर कोणीतरी आजोबांना सांगितलं की असल्या पोरांच्या घरी पोलीस येतात. आजोबांनी ट्रंकेतलं सगळं चुलीत घातलं. पत्रं, वह्या, एक-दोन छापील अंक, आणि जिभाऊंचा स्टुडिओत काढलेला एकुलता एक फोटो. मनीऑर्डरचं कुपन वाचलं, कारण ते फुईच्या पुस्तकात होतं. ५० रुपये. शिक्का जून १९७५ चा, तारीख पुसलेली. खाली संदेशाच्या जागेत निळ्या शाईत दोन वाक्यं: "ठीक आहे. फोटो पाठवतो."

फोटो आला नाही. नंतर काहीच आलं नाही. १९७८ मध्ये आजोबा रेल्वेच्या पासवर वडाळ्याला जाऊन आले. कोणी म्हणालं भिवंडीला गेला, कोणी म्हणालं असा कोणी इथे नव्हताच. ते दुसऱ्या दिवशी परतले आणि पुन्हा गेले नाहीत.

मी फुईला म्हटलं, होईल की, सोपं आहे. इंजिनिअर माणसाने घरच्यांना हे वाक्य कधी म्हणू नये.

ग्रुप फोटोत साठेक मुलं होती आणि जिभाऊंचा चेहरा मसुराच्या डाळीएवढा होता. त्यात शटर उघडलं तेव्हा त्यांनी मान हलवलेली. मी फोटो १२०० डीपीआयवर स्कॅन केला. पिक्सेल भरपूर आले, पण कागदावर जे उतरलेलंच नाही ते स्कॅनर कुठून आणणार? डोळ्यांच्या जागी दोन सावल्या, तोंडाच्या जागी एक रेघ. मग मी तेच केलं जे माझ्या जागी कोणीही करेल. चेहरे दुरुस्त करणारं एक मोफत मॉडेल डाउनलोड केलं, जीएफपी-गॅन. लॅपटॉपचा पंखा घरघरला आणि काही सेकंदांत स्क्रीनवर एक तरुण आला. तरतरीत डोळे, जाड भुवया, ओठ किंचित उघडे आणि आत दातांची सरळ ओळ. अंगावर काटा आला. पप्पांच्या भुवया अशाच आहेत.

इथे थांबायला हवं होतं. पण माझ्या हातात आता एक चेहरा होता, आणि चेहरा हातात आला की तो कुठेतरी शोधावासा वाटतो. जिभाऊ १९७२ ते ७५ मुंबईत होते. त्या मुंबईचे, त्या वयाच्या पोरांचे फोटो कोणीतरी काढलेच असणार. एखाद्या कोपऱ्यात आमचा माणूस उभा असेल.

तर मी सत्तरच्या दशकातल्या मुंबईचे फोटो जमवायला लागलो. कॅटलॉग, प्रदर्शनांची पानं, जुन्या मासिकांचे स्कॅन, पुस्तकं. सहा-सात महिने, ऑफिसनंतर. त्यात मला पहिल्यांदा पाब्लो बार्थोलोम्यू सापडला.

पाब्लोचं नाव तुम्ही ऐकलं नसेल तरी एक फोटो पाहिलेला असेल. भोपाळच्या वायुकांडानंतर मातीत पुरल्या जाणाऱ्या लहान मुलाचा चेहरा, रंगीत. (तोच चेहरा रघु राय यांनी कृष्णधवलमध्ये टिपला आहे, लोकांची त्यात गल्लत होते.) पाब्लोच्या त्या फोटोला १९८४ चा वर्ल्ड प्रेस फोटो ऑफ द इयर हा मान मिळाला. पण त्याच्या आधीचा पाब्लो वेगळा आहे. जन्म १९५५, दिल्लीचा, वडील रिचर्ड बार्थोलोम्यू हे कलासमीक्षक आणि स्वतः फोटो काढणारे. पोरगा घरच्या डार्करूममध्येच शिकला. विशीच्या आसपास असताना त्याने मॉर्फिनच्या व्यसनात अडकलेल्या लोकांची फोटोमालिका केली आणि १९७५ साली तिला वर्ल्ड प्रेस फोटोचं पारितोषिक मिळालं. त्याच वर्षांत तो दिल्ली, मुंबई आणि कलकत्त्यात आपल्या मित्रांचे फोटो काढत फिरत होता. ती निगेटिव्ह डब्यांत पडून राहिली आणि २००७ मध्ये फ्रान्समधल्या आर्ल्सच्या महोत्सवात 'आउटसाइड इन' या नावाने लोकांसमोर आली.

ते फोटो मी एका रात्रीत सगळे पाहिले. लांब केस, बेलबॉटम, जमिनीवरच्या गाद्या, सिगारेटचा धूर, पहाटे जिथे जागा मिळेल तिथे झोपलेली पोरंपोरी. कोणी कॅमेऱ्याकडे बघत नाही, कारण कॅमेरा त्यांच्यातलाच आहे, तोही रात्रभर जागलेला आहे. असं वाटतं की आपण दार ढकलून आत गेलो आणि कोणी हटकलं नाही. मी धुळ्यात वाढलो. आमच्या घरातला सत्तरचा काळ म्हणजे दुष्काळ, सुकडी आणि रेल्वेचा संप. त्याच वर्षांत याच देशात माझ्या काकांच्या वयाची मुलं अशी लोळत होती हे बघून मला खरं सांगायचं तर हेवा वाटला. राग नंतर आला, आणि तोही फोटोंवर नाही. फोटो अप्रतिम आहेत. पण त्या खोल्यांमध्ये जिभाऊ असण्याची शक्यता किती, हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या रात्री मला पडला. शून्याच्या जवळ. माणूस आपल्या मित्रांचे फोटो काढतो. जिभाऊंच्या मित्रांत कॅमेरा कोणाकडे होता?

मग दुसऱ्या मुंबईकडे वळलो, म्हणजे जिभाऊंच्या. आणि इथे गंमत बघा. मराठीत त्या काळी जे बंड झालं ते काही लहान नव्हतं. लघुअनियतकालिकं पन्नाशीतच सुरू झाली होती. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे यांचं 'शब्द', मग अशोक शहाणे यांचं 'असो', राजा ढालेंचं 'येरू', औरंगाबादेतून भालचंद्र नेमाडेंचं 'वाचा', नामदेव ढसाळांचं 'विद्रोह'. नेमाडे तर आमच्याच खानदेशातले, यावल तालुक्यातल्या सांगवीचे. १९६३ च्या 'कोसला'तला पोरगा खानदेशातून पुण्याला जातो आणि तिथून रिकामा परत येतो, हे आमच्याकडे कॉलेजला गेलेल्या निम्म्या मुलांना आपलंच चरित्र वाटतं. १९७२ मध्ये ढसाळांचा 'गोलपिठा' आला, त्याच वर्षी दलित पँथर उभी राहिली, आणि १५ ऑगस्टला 'साधना'त राजा ढालेंचा 'काळा स्वातंत्र्यदिन' छापून आला तेव्हा अख्ख्या महाराष्ट्रात वादळ उठलं. जिभाऊ मुंबईत उतरले ते या सगळ्याच्या मधोमध.

पण याचे फोटो? मला सापडले ते बोटांवर मोजण्याइतके. मोर्चाचे काही, सभेचे काही, बहुतेक दुरून काढलेले. स्टेजवरचा माणूस ओळखू येतो, समोर बसलेले हजार जण म्हणजे ठिपके. मुंबईतल्या खोल्यांमधले, कॅन्टीनमधले, रात्री दोन वाजता कविता वाचणाऱ्या पोरांचे जवळून काढलेले फोटो जवळपास नाहीतच. ढसाळांचे जवळून काढलेले सुंदर फोटो आहेत, हेनिंग श्टेगम्युलर या जर्मन छायाचित्रकाराचे. ते चित्र्यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादांच्या २००७ च्या पुस्तकात आहेत. पण तो ढसाळ चाळिशी ओलांडलेला आहे. टॅक्सी चालवणारा तेविशीतला ढसाळ त्यात नाही. तो आपल्याला वाचूनच बघावा लागतो.

आता याच्या शेजारी अमेरिका ठेवा, कारण पँथर हे नाव तिथूनच घेतलेलं. ऑकलंडमध्ये १९६६ साली ब्लॅक पँथर पार्टी निघाली. स्टीफन शेम्स नावाचा बर्कलेचा विद्यार्थी पुढच्याच वर्षापासून त्यांच्यासोबत कॅमेरा घेऊन फिरायला लागला. मोर्चे आहेतच, पण लहान मुलांना नाश्ता वाढतानाचे, ऑफिसात पेंगतानाचे, अंत्ययात्रेतले असे फोटो त्याच्याकडे आहेत. शिवाय ती मंडळी फोटोच्या बाबतीत हुशार होती. काळी बेरे टोपी, चामड्याचं जाकीट, वेताच्या मोठ्या खुर्चीत एका हातात भाला आणि एका हातात बंदूक घेऊन बसलेला ह्युई न्यूटन. तो फोटो पोस्टर म्हणून भिंतीभिंतीवर गेला. त्यांचं स्वतःचं वर्तमानपत्र होतं आणि त्यात फोटो छापता येत होते.

आमच्या पोरांना हे कळत नव्हतं असं नाही. परवडत नव्हतं. मला हे कारण समजायला बराच वेळ लागला, कारण मी ज्या जगात वाढलो तिथे फोटो फुकट आहे आणि शब्द टाइप करायचा कंटाळा येतो. त्या काळी उलटं होतं. सायक्लोस्टाइलमध्ये मेणाच्या स्टेन्सिलवर टाइपरायटरने किंवा टोकदार लेखणीने अक्षरं कोरायची, त्या छिद्रांतून शाई कागदावर उतरते. अक्षर उतरतं, फार तर एखादं रेखाचित्र. फोटोतली करडी छटा त्यात येऊच शकत नाही. खिळ्यांच्या छपाईत फोटो हवा असेल तर त्याचा जस्ताचा ब्लॉक करून घ्यायचा, त्याचे पैसे वेगळे, शिवाय चांगला कागद हवा. ज्यांचा अंक मित्रांकडून दोन-दोन रुपये जमवून निघतो ते ब्लॉक कुठून करणार? आणि ब्लॉक होणारच नाही तर फोटो काढायचा कशाला? त्यातल्या त्यात घरगुती कॅमेरा म्हणजे आगफा क्लिक थ्री, एका रोलमध्ये बारा फोटो. बारा. लग्नात, बारशात, फार तर सहलीत संपतात. वडाळ्याच्या खोलीत चहा पिणाऱ्या पोराचा फोटो काढायला बारातला एक कोण खर्च करेल?

एक दिशा मात्र अगदी उलटी होती, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जिभाऊ धुळ्याहून मुंबईला गेले त्याच वर्षी मुंबई-पुण्याची शिकलेली पोरं आमच्या धुळे जिल्ह्यात येत होती, शहाद्याला. (नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये वेगळा झाला, तेव्हा शहादा धुळ्यातच होतं.) १९७२ मध्ये तिथे श्रमिक संघटना उभी राहिली. आयआयटीत शिकलेले कुमार शिराळकर इंजिनिअरची नोकरी सोडून तिथे आले आणि आयुष्यभर राहिले. मी इंजिनिअर आहे आणि मला सोसायटीच्या मीटिंगलाही जाववत नाही. असो. चाळीसगावच्या प्लॅटफॉर्मवर या दोन गाड्या एकमेकींना ओलांडत असतील असं मला उगाच वाटत राहतं.

जमवलेल्या सगळ्या फोटोंतून मी चेहरे कापले. साधारण चार हजार. प्रत्येक चेहऱ्याचे मॉडेल ५१२ आकडे करतं, म्हणजे प्रत्येक चेहरा हा एक बिंदू समजा, आणि दोन बिंदू जितके जवळ तितके चेहरे सारखे. कोणाला न विचारता चार हजार अनोळखी माणसांचे असे आकडे करणं बरोबर आहे का, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही, आता पडतो. एका शनिवारी रात्री मी प्रोग्रॅम चालवला. यादीत सगळ्यात वर एक चेहरा आला. १ पैकी ०.६१. या कामात हा आकडा चांगला समजतात.

फोटो एका मोर्चाचा होता, कोणी काढला ते कुठे लिहिलेलं नव्हतं. रस्त्याच्या कडेला पाच-सहा पोरं उभी आहेत, त्यातला एक मागे वळून बघतोय. लांब केस, उघड्या गळ्याचा शर्ट, जाड भुवया. मी पुण्यातल्या फ्लॅटमध्ये रात्री अडीच वाजता खुर्चीतून उठलो आणि पुन्हा बसलो.

पप्पांना फोन केला तर ते म्हणाले, "राहू दे ना आता." मी म्हटलं, पण सापडलेत पप्पा. ते म्हणाले, "सापडून काय करायचंय? सगळं आमच्यावर टाकून गेला तो. अन् फुईला आशा लावू नको." पप्पा तेव्हा सात वर्षांचे होते. रेल्वेत क्लार्क पुढे ते झाले.

मी ऐकलं नाही. दोन्ही चेहरे, मॉडेलने साफ केलेला आणि मोर्चातला, मी आतेभावाच्या व्हॉट्सअॅपवर पाठवले. आतेभाऊ उत्साही माणूस. त्याने साफ केलेला चेहरा मोठा करून फ्रेम करून घेतला आणि जळगावच्या घरात बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली लावला, हार घालून. फ्रेमचा फोटो फॅमिली ग्रुपवर आला. सगळ्यांनी हात जोडले. कोणीतरी मला जीनियस म्हटलं. मी लाइक केलं.

फुई तीन आठवडे काही बोलली नाही. ३१ जुलैला ती लळिंगजवळच्या लांडोर बंगल्यावर आली. बाबासाहेब १९३७ साली धुळ्याच्या कोर्टात खटल्यासाठी आले होते तेव्हा तिथे राहिले, म्हणून दरवर्षी त्या दिवशी आमच्या भागातली माणसं तिथे जमतात. त्या गर्दीत, भिजत, स्टॉलवरची पुस्तकं बघत असताना तिने मला बाजूला घेतलं.

"हाऊ मन्हा भाऊ नही शे."

मी म्हटलं, अगं फुई, पन्नास वर्षं झाली, विसरली असशील. ती चिडली नाही. तिने स्वतःचा ओठ बोटाने वर केला आणि समोरच्या दातावर नख टेकवलं. जिभाऊंचा तो दात अर्धा तुटलेला होता. पांझरेत दगडावर घसरून पडले होते, फुईला पाठीवर घेऊन नदी ओलांडताना. त्यामुळे ते कधी तोंड उघडं ठेवून फोटो काढूच देत नसत. स्टुडिओतल्या त्या जळालेल्या फोटोतसुद्धा ओठ मिटलेले होते.

आणि माझ्या चेहऱ्याला सरळ दातांची ओळ होती.

त्या रात्री धुळ्याच्या घरी मी लॅपटॉप उघडून पहिल्यांदा नीट वाचलं की ते मॉडेल कशावर शिकवलेलं आहे. एफएफएचक्यू नावाचा संच. फ्लिकरवरून घेतलेले ७०,००० फोटो. म्हणजे ज्यांनी चांगल्या कॅमेऱ्याने फोटो काढून इंटरनेटवर टाकले त्यांचे चेहरे. मी त्याला दोन सावल्या आणि एक रेघ दिली होती. बाकीचं त्याने त्या सत्तर हजारांतून भरलं. भुवया पप्पांसारख्या वाटल्या, कारण मला तशा वाटायला हव्या होत्या. पुढचं तर आणखी सरळ आहे. मी मशीनने बनवलेला चेहरा मशीनलाच शोधायला दिला आणि त्याने त्याच्याशी जुळणारा एक अनोळखी माणूस आणून दिला. ०.६१ हा आकडा खरा होता. फक्त त्यातले दोघेही आमचे नव्हते.

माझ्या ऑफिसात असा बग कोणी केला असता तर मी पहिल्या दिवशी विचारलं असतं, इनपुट कुठून आलं.

पुढच्या रविवारी पारोळा, एरंडोल करत जळगावला गेलो. फ्रेम भिंतीवरून उतरलेली होती. खिळा तसाच. आतेभाऊ माझ्याशी थोडा तुटक वागला, त्याचे साडेतीनशे रुपये आणि हार गेला होता, आणि गल्लीतल्या लोकांना सांगून झालं होतं. मी फुईसमोर खाली बसलो आणि काय झालं ते सांगितलं. सत्तर हजार फोटो वगैरे तिला कळलं की नाही माहीत नाही. तिने विचारलं, "मंग तो पोऱ्या कोन शे? मोर्चामधला?"

मी म्हटलं, माहीत नाही. असेल कोणीतरी.

"दखाड."

फोनवर तो फोटो काढून दिला. तिने चष्मा वर केला, फोन डोळ्यांजवळ नेला. मी दोन बोटांनी मोठा कसा करायचा ते दाखवलं. ती त्या वळून बघणाऱ्या पोराकडे बराच वेळ बघत राहिली. पायात चप्पल नाही, म्हणाली. शर्टाचं वरचं बटण तुटलंय. हे मी सहा महिन्यांत पाहिलं नव्हतं, कारण मी चेहरा कापून घेतला होता आणि बाकी सगळं टाकून दिलं होतं.

"आखो शेत का?" तिने विचारलं.

होते. चार हजार चेहरे ज्यांतून कापले ते सगळे मूळ फोटो फोनवर होते. मी तिला एकेक दाखवायला लागलो. मोर्चे झाले, सभा झाल्या. मग त्या धुराच्या खोल्याही आल्या, गाद्यांवर झोपलेली पोरं, पोरी. मला थोडा संकोच वाटत होता, पण ती शांतपणे बघत होती. ह्या पोरांच्या आया कुठे आहेत, एवढं एकदा विचारलं. वेसाइड इनबद्दल मी तिला सांगितलं, काळा घोड्याजवळचं हॉटेल, तिथे कोलटकर दर गुरुवारी बसायचे. तिने विचारलं, तिथे चहा केवढ्याला होता? मला माहीत नव्हतं. आपल्या भावाला तिथला चहा परवडला असता का, हे तिला बघायचं होतं.

थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की फोटोत जे मधोमध आहेत त्यांच्याकडे ती बघतच नाहीये. तिचं बोट फोटोच्या कडांवरून फिरत होतं. दारात उभा असलेला, अर्धा कापला गेलेला खांदा. काचेच्या पलीकडचा माणूस. चहाचे ग्लास घेऊन जाणारा, फोकसच्या बाहेर गेलेला पोरगा. माझ्या प्रोग्रॅमने हे सगळे बाजूला टाकले होते, कारण त्यांच्यात चेहरा म्हणण्याइतकं काही नव्हतं.

लाइट गेली. कूलर थांबला. आतेभावाने खिडकी उघडली. फोनची बॅटरी ९ टक्के होती. मी म्हटलं फुई, राहिलेले चार्ज झाल्यावर बघू. तिने फोन दिला नाही. अंगठ्याने फोटो सरकवून मोठा केला, पार फुटेपर्यंत, नुसते काळे-करडे चौकोन उरेपर्यंत, मग थोडा लहान केला.

"थांब," ती म्हणाली. "हाऊ मांगला. तोंड मिटेल शे ना हाऊ?"